कर्ज, भूक आणि कादंबरी

(एका सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कथा-कादंबऱ्या वाचणारा माणूस वेगळा आणि अर्थशास्त्राचे अहवाल वाचणारा माणूस वेगळा, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. पहिल्याने दुपारी लोळत वाचावे, दुसऱ्याने टेबलापाशी पेन्सिल घेऊन बसावे. पहिल्याला रस मिळतो, दुसऱ्याला ज्ञान. वाचनालयांतल्या कपाटांची रचनाही याच समजुतीवर उभी असते. परंतु भारतीय भाषांतल्या काही कादंबऱ्या एकापाठोपाठ वाचल्या आणि शेजारी ग्रामीण कर्जाचे वा दुष्काळाचे दोन-चार अभ्यास ठेवले, तर ही भिंत फार काळ टिकत नाही. दोन्ही कपाटांतली पुस्तके एकाच माणसाविषयी बोलत असतात. फरक असा, की अहवाल त्या माणसाने किती कर्ज काढले ते सांगतो. ते कर्ज फेडलेच पाहिजे असे त्याला का वाटते, हे कादंबरी सांगते. आजच्या व्याख्यानाचा विषय हा दुसरा प्रश्न आहे.

सुरुवात ओरिसापासून करू. फकीरमोहन सेनापती यांची 'छ माण आठ गुंठ' ही कादंबरी १८९७ ते १८९९ या काळात 'उत्कल साहित्य' मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १९०२ मध्ये पुस्तकरूपाने आली. मराठी वाचकाला 'गुंठा' परका नाही. 'माण' हे एकराच्या जवळपासचे तिकडचे माप. म्हणजे कादंबरीचे नावच सातबाराच्या उताऱ्यासारखे आहे. सहा माण आठ गुंठे उत्तम जमीन भगिया आणि सारिया या विणकर जोडप्याची असते. रामचंद्र मंगराज या जमीनदार-सावकाराचा तिच्यावर डोळा असतो. जोडपे निपुत्रिक आहे. सारियाच्या मनात असे भरवले जाते, की ग्रामदेवतेचे देऊळ बांधले तर मूल होईल. देवळाला पैसा लागतो, पैशाला गहाणखत लागते, आणि मुदत संपताच जमीन मंगराजाच्या नावावर चढते. सारिया झुरून मरते, भगियाला वेड लागते.

या कथानकात बळजबरी कोठे आहे? लाठी फार उशिरा येते. त्याआधीचे सारे काम श्रद्धा आणि कागद या दोघांनी मिळून केलेले असते. श्रद्धेने कर्जाची गरज निर्माण केली, कागदाने ते वसूल केले. सेनापती स्वतः अनेक संस्थानांत दिवाण होते. जमीन हातातून कशी निसटते हे त्यांनी कचेरीच्या आतून पाहिले होते. म्हणूनच मंगराजाला तुरुंगात पाठवून ते थांबत नाहीत. त्याची मालमत्ता त्याच्याच वकिलाच्या हाती जाते. दुष्टाला शासन झाले, पण जमीन भगियाकडे परत आली नाही. न्याय आणि मालकी हक्क या दोन गोष्टी एक नव्हेत, हे ओरिसातील त्या लेखकाने पुढच्या शतकातल्या कूळकायद्यांच्या कितीतरी आधी लिहून ठेवले.

हाच कागद महाराष्ट्रालाही चांगला ठाऊक होता. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथून जो दंगा सुरू झाला, त्यात शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकाराच्या दप्तरावर होता. खते, रोखे हिसकावून घेऊन जाळावेत, एवढीच बहुतेक ठिकाणी त्यांची मागणी होती. आपला शत्रू कोठल्या पेटीत बंद आहे, याची त्यांना पुरेपूर जाण होती. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि १८८३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. फुल्यांनी सावकार, भटजी आणि सरकारी कामगार यांना एकाच साखळीत ओवले. त्या साखळीचे कडीन् कडी वर्णन एका उत्तर भारतीय कादंबरीकाराने पन्नासएक वर्षांनंतर केले.

ती कादंबरी म्हणजे प्रेमचंदांचे 'गोदान'. १९३६ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी प्रेमचंद वारले. 'गोदान'ची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते: होरी नावाच्या गरीब कुळाला दारात एक गाय असावी असे वाटते, ती मिळते, सख्ख्या भावाकडून तिच्यावर विषप्रयोग होतो, आणि अखेरीस होरी रस्त्याच्या कामावर उन्हात राबताना कोसळतो. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ही कादंबरी वाचताना हातात कागद घेऊन होरीच्या कर्जाची यादी करावी. गाय ऐंशी रुपयांना उधारीवर घेतलेली असते. विधवा झुनियाला सून म्हणून घरात घेतल्याबद्दल पंचायत शंभर रुपये रोख आणि तीस मण धान्य दंड करते. सारा थकतो. बैल जातात. यातले एकही कर्ज चैनीचे नाही आणि शेती सुधारण्यासाठी काढलेलेही जवळजवळ कोणते नाही. होरी कर्ज काढतो ते मुख्यतः 'मरजाद' राखण्यासाठी. हा त्याचाच शब्द. आपल्याकडे त्याला अब्रू म्हणतात.

या कादंबरीत दोन प्रसंग असे आहेत, की व्याजाचे गणित शिकवणाऱ्याने ते वर्गात सांगावेत. पहिला होळीचा. गावातली तरुण मुले सावकाराची नक्कल करतात. शेतकरी दहा रुपये कर्ज मागतो. दस्तऐवज दहाचा होतो, हातात पाच पडतात. उरलेल्या पाचांत नजराणा, लिहिणावळ, कागदाचे पैसे, दस्तुरी आणि आगाऊ व्याज असा एकेक रुपया कापलेला असतो. शेतकरीही बेरकी. तो ते पाच रुपयेही परत करतो: थोरल्या आणि धाकट्या मालकिणीचा नजराणा, दोघींचे विडे, आणि राहिलेला एक रुपया सावकाराच्या उत्तरक्रियेसाठी. गाव पोट धरून हसते. प्रत्यक्ष व्याजदर आणि कागदावरचा व्याजदर यांतला फरक समजावण्यासाठी पाठ्यपुस्तकाला पानेच्या पाने लागतात.

दुसरा प्रसंग हसण्याचा नाही. दातादीन या ब्राह्मणाने होरीला आठ-नऊ वर्षांपूर्वी बैलासाठी तीस रुपये दिलेले असतात. त्यांचे आता दोनशे झाले आहेत. होरीचा मुलगा गोबर शहरात राहून आला आहे. तो हिशेब मांडतो. शेकडा एक रुपया दराने दहा वर्षांचे छत्तीस, मुद्दल धरून सहासष्ट. सत्तर घ्या आणि विषय संपवा. हिशेब चोख आहे, देऊ केलेली रक्कम वाजवी आहे. दातादीन कायद्याची धमकी देत नाही. तो आपल्या ब्राह्मण्याची शपथ घेतो आणि हात जोडून तूच दोनशे आणून देशील, असे बजावतो. होरी थरथर कापतो आणि पै न पै फेडण्याचे कबूल करतो. मुलाचे गणित बरोबर आहे हे त्याला कळत नाही असे नाही. ब्राह्मणाचे पैसे बुडवले तर कुळाचे वाटोळे होईल, ही भीती त्या गणिताहून मोठी आहे.

या ठिकाणी वाचकाने थोडे थांबले पाहिजे. तीसाचे दोनशे होण्यामागे कोणता व्याजदर आहे, हे अर्थशास्त्र काढून दाखवील. सावकाराची मक्तेदारी, पर्यायी पतपुरवठ्याचा अभाव, तारणाची उणीव ही कारणेही ते देईल आणि ती खरी आहेत. परंतु सत्तर रुपयांत सुटका शक्य असताना माणूस आपण होऊन दोनशेचे जोखड मानेवर घेतो, याचे स्पष्टीकरण बाजाराच्या सिद्धान्तात सापडत नाही. त्यासाठी जातिव्यवस्था समजून घ्यावी लागते; आणि ती ऋणकोच्या मनात शिरून कशी वसुली करते, हे 'गोदान'इतके स्वच्छ फार थोड्या ग्रंथांतून कळते. ज्यांना आर्थिक शोषण आणि जातीचे शोषण ही दोन वेगळी प्रकरणे वाटतात, त्यांनी दातादीनचा हा प्रसंग पुन्हा वाचावा.

'गोदान'मधली आणखी एक व्यक्तिरेखा अनेकदा नजरेआड होते. सिलिया ही चांभार समाजातली स्त्री दातादीनच्या मुलाच्या, मातादीनच्या, आश्रयाने राहते. त्याच्या खळ्यावर ती दिवसरात्र राबते. एके दिवशी आपले किरकोळ देणे फेडण्यासाठी ती त्या राशीतले शेरभर धान्य दुकानदारणीला देते. मातादीन ते धान्य परत घेतो आणि हे देणारी तू कोण, असा सवाल करतो. होरीजवळ निदान बुडण्यासारखी जमीन तरी आहे. सिलियाजवळ धान्याच्या राशीपाशी उभे राहूनही त्यातल्या शेरभरावर हक्क नाही. प्रेमचंदांची सहानुभूती मुख्यतः कुळाकडे वाहते, हे मान्य केले पाहिजे. शेतमजुराची बाजू आतून मांडण्याचे काम पुढे दलित लेखकांना करावे लागले. तरीही हा प्रसंग लिहिला गेला, हे महत्त्वाचे.

राशीपाशी उभे राहून उपाशी असणे, या गोष्टीला अर्थशास्त्रात नाव मिळायला १९८१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमर्त्य सेन यांचा दारिद्र्य आणि दुष्काळ यांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सेन यांच्या अंदाजाने सुमारे तीस लाख माणसे मेली. सरकारी चौकशी आयोगाचा आकडा पंधरा लाखांचा होता. सेन यांनी दाखवले, की १९४३ मधला धान्याचा पुरवठा १९४१ च्या तुलनेत निदान तेरा टक्क्यांनी जास्त होता. आणि १९४१ मध्ये दुष्काळ पडला नव्हता. माणसे मेली ती धान्यावरची त्यांची हक्कदारी कोसळल्यामुळे. युद्धाच्या खर्चाने भाव चढले. शेतमजूर, कोळी, कारागीर यांची मजुरी त्या वेगाने चढली नाही. पिकाच्या आकड्यांविषयी, विशेषतः १९४२ मध्ये भातावर पडलेल्या रोगाविषयी, काही अभ्यासकांनी सेन यांच्याशी वाद घातला आहे. पण मरणाऱ्यांत कोणत्या व्यवसायाची माणसे होती, हा त्यांचा प्रश्न त्या वादाने पुसला जात नाही.

बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची 'अशनि संकेत' ही याच दुष्काळावरची कादंबरी. सत्यजित राय यांच्या १९७३ च्या चित्रपटामुळे ती पुष्कळांना माहीत आहे. बिभूतिभूषण १९५० मध्ये वारले, म्हणजे सेन यांच्या ग्रंथापूर्वी तीस वर्षे. आणि तरीही त्या ग्रंथाचा सारा युक्तिवाद या छोट्या कादंबरीत माणसांच्या रूपाने वावरतो. गंगाचरण हा गरीब ब्राह्मण नव्या गावात पाठशाळा काढून स्थिरावतो. कोठेतरी युद्ध चालू आहे, सिंगापूर पडले आहे. ते सिंगापूर कोठे आहे, हे गावाला धड माहीत नाही. शेते हिरवीगार आहेत. आणि बाजारातून तांदूळ नाहीसा होऊ लागतो. आधी भाव चढतो, मग दुकानदार नाही म्हणतो, मग ज्याच्या घरी आहे तो लपवतो. बायका रानातले कंद खणू लागतात. कोणी मूठभर तांदळासाठी देह विकते. गावात उपासमारीने पहिला मृत्यू होतो तो मती या चांभार समाजातल्या बाईचा. मृत्यूचा हा क्रम लेखकाने सहज लिहिलेला नाही. सेन यांच्या तक्त्यांतही मरण याच दाराने प्रथम आत शिरलेले दिसते.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटावे, अशी अपेक्षा होती. १९५१-५२ मध्ये रिझर्व्ह बँकेने अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी करविली. गोरवाला समितीच्या त्या अहवालात आपले धनंजयराव गाडगीळ हेही सहभागी होते. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के आणि सावकारांचा सुमारे सत्तर टक्के, असे पाहणीत आढळले. सहकाराला आजवर अपयश आले, तथापि त्याला यशस्वी केल्यावाचून गत्यंतर नाही, असा त्या अहवालाचा निष्कर्ष होता. महाराष्ट्राने तो मनावर घेतला आणि या राज्यात सहकाराने काही भरीव कार्य केले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु त्या अहवालानंतर चौदा वर्षांनी, १९६८ मध्ये, श्रीलाल शुक्ल यांचे 'राग दरबारी' आले. शिवपालगंज या गावात कॉलेजचे व्यवस्थापक वैद्यजी, सहकारी संस्थेचे प्रमुखही वैद्यजी. संस्थेच्या गोदामातला गहू मालमोटारींत भरून परस्पर पसार होतो. वैद्यजी विचलित होत नाहीत. अपहार झाला आणि आपण तो लपवला नाही, यातच संस्थेचा प्रामाणिकपणा सिद्ध झाला, असे ते म्हणतात. आणि झालेले नुकसान सरकारने अनुदान देऊन भरून काढावे, असा ठराव मांडतात. त्याच गावात लंगड नावाचा एक माणूस एका कागदाच्या नकलेसाठी तहसिलीच्या पायऱ्या झिजवत असतो, कारण लाच द्यायची नाही असे त्याने ठरवले आहे. शुक्ल स्वतः सरकारी अधिकारी होते. पुस्तक वाचून हसू येते. पण आपल्या तालुक्यातल्या एखाद्या संस्थेची वार्षिक सभा आठवली, की ते हसू मावळते. सेनापतींचा मंगराज कागद जवळ बाळगून होता. वैद्यजींनी संस्थाच खिशात घातली.

मराठीचे काय? उद्धव शेळके यांच्या 'धग'मधली (१९६०) कौतिक दुसऱ्याच्या शेतात राबून संसाराचा गाडा एकटीने ओढते. तिच्या कष्टांची नोंद कोणत्याही राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात पुरेशी होत नाही. सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातला एकनाथ उच्चशिक्षित आहे. शिक्षण हा दारिद्र्यातून बाहेर पडण्याचा मार्ग, असे त्याच्या पिढीला सांगण्यात आले होते. पण शिक्षकाच्या नोकरीसाठी संस्थाचालकाला द्यायला पैसे नाहीत, आणि ज्या शेतीकडे परतायचे ती बी-बियाणे, खते आणि बाजारभाव यांच्या कात्रीत सापडली आहे. होरीला निदान आपला मुलगा शहरात जाऊन सुटेल अशी आशा होती. एकनाथाच्या वाट्याला शहराचे शिक्षण आणि गावाचे कर्ज अशी दोन्ही ओझी एकत्र आली.

कर्जाच्या दुसऱ्या टोकाला पैसा असतो. तो आल्यावर घराचे काय होते, हे विवेक शानभाग यांच्या २०१३ च्या 'घाचर घोचर' या कन्नड लघुकादंबरीत वाचावे. श्रीनाथ पेरूर यांच्या इंग्रजी अनुवादामुळे ती देशाबाहेरही पोचली. बंगळुरातले एक काटकसरी कुटुंब. वडील विक्रेते; एका रात्री त्यांचा हिशेब जुळत नाही तेव्हा सारे घर वह्या घेऊन बसते. पुढे धाकट्या काकाचा मसाल्यांचा धंदा भरभराटीला येतो, मुंग्यांनी भरलेले जुने घर सुटते, आणि कमावत्या काकाभोवती घर तटबंदीसारखे उभे राहते. काकाला भेटायला दारी आलेल्या एका स्त्रीचा घरातल्या बायका पाणउतारा करतात. नव्याने आलेली सून त्याविरुद्ध बोलते. त्याची किंमत काय, हे लेखक स्पष्ट सांगत नाही, पण अंगावर काटा येतो. १९९१ नंतरच्या समृद्धीवर अनेक आकडेवार ग्रंथ आहेत. त्या समृद्धीतली भीती शंभरएक पानांत इतक्या नेमकेपणाने क्वचितच उतरली असेल.

आता एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. कादंबरी म्हणजे पुरावा नव्हे. एक होरी दाखवून साऱ्या कुळांची स्थिती सिद्ध होत नाही; लेखकाला वाटेल तसे पात्र घडवता येते, संख्याशास्त्रज्ञाला तशी मुभा नसते. हा आक्षेप रास्त आहे. कादंबरीवरून धोरण आखणारा मनुष्य वर्तमानपत्रातल्या एका बातमीवरून कायदा करणाऱ्याइतकाच धोकादायक. पण कोणता आकडा गोळा करायचा, हे आधी कोणीतरी ठरवलेले असते. पाहणीच्या प्रश्नावलीत जो रकाना नाही त्याचे उत्तर कधीच मिळत नाही. २००८ मध्ये केंद्र सरकारने साठ हजार कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली. ती बँका आणि सहकारी संस्थांच्या कर्जापुरती होती. सावकाराचे, दुकानदाराचे, सोयऱ्याधायऱ्यांचे देणे तिच्या कक्षेत नव्हते. ज्याने 'गोदान' वाचले आहे, त्याला हा मोकळा रकाना पहिल्या वाचनात दिसतो.

दुसरे उदाहरण अधिक अलीकडचे. गरिबांना तारणाशिवाय लहान कर्जे देणाऱ्या संस्था आल्या तेव्हा सावकारी संपण्याची चिन्हे अनेकांना दिसली. तारण नव्हते असे मात्र नाही. बायकांच्या गटाने एकमेकींची हमी घ्यायची, आठवड्याचा हप्ता सर्वांसमोर भरायचा. एकीचा चुकला तर बाकीच्यांनी तिच्या दारात उभे राहायचे. म्हणजे शेजारणीपुढची अब्रू, होरीची तीच 'मरजाद', गहाण पडली. आंध्र प्रदेशात वसुलीच्या जाचाने आत्महत्या झाल्याच्या तक्रारी उठल्या आणि ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारला वटहुकूम काढावा लागला. परतफेडीचे प्रमाण नव्वद टक्क्यांवर असल्याचे अहवाल तोवर कौतुकाने वाचले जात होते. तो पैसा कोणत्या भीतीपोटी परत येत होता, हे विचारायला हवे होते.

या वाचनात ओडिया, हिंदी, बंगाली, कन्नड अशा भाषा आल्या. मराठी वाचकाला त्या बहुधा अनुवादातूनच भेटतात. साने गुरुजींनी आंतरभारतीची कल्पना मांडली तेव्हा प्रांताप्रांतांची हृदये जोडण्याचा भाव तीत होता. तिला व्यावहारिक अंगही आहे. बालेश्वरचा विणकर, अवधचा कुळवाडी आणि वऱ्हाडातला शेतकरी यांची फसवणूक एकाच रीतीने होते, हे त्यांना एकमेकांच्या भाषेतून कळले, तर आपले दुःख आपल्या नशिबाचे आहे असे त्यांच्यापैकी कोणाला वाटणार नाही. नॅशनल बुक ट्रस्टच्या 'आदान-प्रदान' मालेने हे काम काही काळ निष्ठेने केले. आज अनेक भारतीय पुस्तके इंग्रजीतून परदेशी पोचतात, पुरस्कार मिळवतात. ही आनंदाची गोष्ट आहे. पण कन्नडमधले पुस्तक सोलापूरच्या वाचकापर्यंत लंडनमार्गे यावे, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

म्हणून या वाचनालयाच्या आणि इतर अभ्यासमंडळांच्या चालकांपुढे एक साधी सूचना ठेवावीशी वाटते. वर्षातून निदान चार बैठका अशा घ्याव्यात, की एका बाजूला एखादा अहवाल असावा आणि दुसऱ्या बाजूला एक कादंबरी. पतपाहणीबरोबर 'राग दरबारी', सेन यांच्या ग्रंथाबरोबर 'अशनि संकेत', कर्जमाफीच्या शासन निर्णयाबरोबर 'बारोमास'. बैठकीला प्राध्यापक असावेत, तसेच जिल्हा बँकेच्या शाखेतले कर्मचारी आणि बचतगटाच्या बायकाही असाव्यात. चर्चेची सुरुवात त्या बायकांनी करावी. दातादीनने मागितलेल्या दोनशे रुपयांविषयी त्यांना पुष्कळ काही सांगता येईल, आणि ते ऐकून घेण्याची सवय आपल्या अर्थशास्त्राला लागणे अगत्याचे आहे.